लाल रंगाखालचा पिवळा

ती. ताईला धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतोय. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा आमच्या दुकानात एक बाई आल्या. बेपत्ता भावाची जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार शोधत होत्या. त्याची पिवळी, आमच्याकडची लाल. मी स्क्रू काढून गिटारची मान, म्हणजे तारांचा लांब दांडा, वेगळी केली. आत त्यांनी सांगितलेल्याच सालाचा शिक्का होता, आणि लाल रंगाखाली मूळचा पिवळा.

“हीच,” मी बोलून गेलो. त्या तडक पोलिसांकडे गेल्या.

तो लाल रंग मालकांनीच दिलेला गं. ते ओरडले नाहीत. हसून एवढंच म्हणाले, “घरी कोण कोण असतं रे तुझ्या?”

मी काम सोडलंय, मित्राकडे राहतोय. काळजी करू नकोस. फक्त अनोळखी कुणी आलं तर दार उघडू नका.

तुझाच,
धाकटा