जीपबरोबर मी जातेय

बॉस्को,

उठून पाटलोण शोधू नकोस. तुझ्या दोन्ही पाटलोणी गर्ट्रूडमावशीकडे ठेवल्यात आणि ताप उतरल्याशिवाय ती देणार नाही. काल भाईंदरला मालगाडीवर चढवलेली तुझी जीप आज दुपारी दोहदला दुरुस्तीला निघेल. तिच्याबरोबर माणूस लागतो ना, मग मी बसते.

पाच दिवस हिवतापाने दात वाजतायत, आणि म्हणे मालगाडीच्या उघड्या वाघिणीत दोन रात्री काढणार. "बाय, टायर चोरतील गं." चोरू देत. लढाईतून फुटूनतुटून आलेली गाडी ती. तिच्या चाकांना ठोकळे लावलेस, टाकी रिकामी केलीस, माझी नवी गोधडी तिच्या बॉनेटवर बांधलीस. आणि स्वतःच्या क्विनाइनच्या गोळ्या उशीखाली लपवल्यास. आज सकाळी मोजून नऊ गोळ्या सापडल्या. मी मात्र तू गोळ्या घेतोस म्हणून देवाचे आभार मानून आले होते.

काल तुझा डबा घेऊन स्टेशनवर आले तेव्हाच मालबाबूला विचारलं. तो हसला, "बाई, तुम्हाला जीप चालवता येते?" म्हटलं, "बसायचंय फक्त. चालवायला तुमचं इंजिन हाय ना?"

पेज चुलीवर आहे. मावशी तीन वेळा गोळी द्यायला येईल. गिळल्यावर तिला तोंड उघडून दाखव, लाज वाटली तरी.

बरा झालास की पॅसेंजरने ये. टायर कमी निघालं तर माझ्यावर हवं तेवढं ओरड. पण ओरडण्याइतका जीव घेऊन ये.

तुझी बहीण लूर्डसबाय