मालतीबाईंच्या हातातला रिमोट

रविवार, ९ नोव्हेंबर
धुळ्याहून सुरतेला बदली झाली आणि पहिल्याच दिवशी मनासारखी खोली मिळाली! डिंडोलीत, मालतीबाईंच्या घराचा वरचा मजला. बाई एकट्याच असतात. त्यांचे यजमान सुकलाल लिंबायतला कापडाच्या लूमवर कामाला होते, गेल्या वर्षी वारले. माणसं येतात आणि निघून जातात, असं म्हणत त्यांनी गरम खिचडी वाढली, वर तेलाची धार. महिनाअखेर बायको, रुपाली, सामान घेऊन येईल. तोवर बँक सुटली की माझा चार पायांचा रोबो पुरा करायचा.

शनिवार, १५ नोव्हेंबर
चालला! प्रत्येक पायाला तीन छोट्या मोटरी, ॲक्रिलिकचं अंग, पाठीवर वायरलेस बोर्ड. आठवडाभर तोंडावरच पडत होता. एक पाय उचलण्याआधी वजन उरलेल्या तिन्हींवर टाकायला शिकवलं, तेव्हा सावरला. मालतीबाईंनी त्याला स्वयंपाकघरभर फिरवला. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हा आपल्या मनाने कुठे जाणार नाही ना, असं त्यांनी विचारलं. रिमोट ज्याच्या हातात, त्याचंच ऐकणार, मी म्हणालो. त्यांनी रिमोट खाली, स्वतःपाशीच ठेवून घेतला. मीही राहू दिला.

शनिवार, २२ नोव्हेंबर
उधन्याला बँकेजवळ फ्लॅट मिळतोय, रुपाली आली की तिकडे जाऊ, असं बाईंना सांगितलं. त्यांनी रिमोट उचलून बटण दाबलं. रोबो हलला नाही. माझा डावा पाय पुढे पडला. पेटका आला असेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर
बँकेत निघालो. फाटकापाशी पाय वळले आणि जिना चढून मला खोलीत घेऊन आले. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा अंगठा बटणावर होता. रोबोची बॅटरी मी कालच काढून ठेवलीय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
रिमोट हिसकावायला गेलो. पाय मागे सरकत गेले, पाठ भिंतीला टेकली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आते कोठे जाशी, भाऊ?" मग ताट वाढलं. भाजी माझ्या आवडीची होती.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
बाईंनीच डॉक्टर आणला. नसा ठीक आहेत म्हणाला. मी सगळं सांगितलं. त्याने टेबलावरच्या रोबोकडे पाहिलं, झोपेची गोळी लिहून दिली. बँकेला बाईंनी कळवलंय — तब्येत बरी नाही.

शुक्रवार
रांगत निघालो. जिन्यापाशी गुडघे थांबले. माझा फोन बाईंकडे. रुपालीशी गोड बोलत होत्या — थेट इथेच ये, पोरी —

शनिवार
रोबो फोडला. मोटरी, वायरी, सगळं. काही उपयोग नाही. खिडकीकडे सरकलो तर पाय मागे ओढतात.

रविवार
रिक्षा थांबली. रुपालीचा आवाज. हाका मारतोय — खाली मिक्सर लावलाय —
बंद झाला. बाई सांगताहेत, नवऱ्याने तुझ्यासाठी खेळणं केलंय, हे बटण दाबून बघ.
रुपाली हसतेय.
पाय पलंगावरून खाली — रुपाली, नको, ते बटण —