पन्नासावा बिल्ला

बावडा, ता. इंदापूर
३० जानेवारी २०२२

तीर्थरूप सर्जेरावमामा यांच्या चरणी, मास्क लावून आणि दाराबाहेरूनच, स्वरूपाचा नमस्कार.

तुमचा ताप उतरला पण तोंडाला चव आली नाही, असं मामीनं फोनवर सांगितलं. (मामीच्या हातची आमटी चवीवाचून खाणं अवघडच, पण काढा पिताना तेवढाच फायदा होत असेल.) जळोचीच्या माडीवर एकट्यानं बसणं तुम्हाला जड जात असणार. तरी डॉक्टरांनी सात दिवस म्हटलंय म्हणजे सातच, आणि कृपा करून खिडकीला हात टेकून जोर मारू नका. हे पत्र लिहिण्याआधी मी दोनदा हात धुतले आहेत, तरी वाचण्यापूर्वी कागद तासभर उन्हात ठेवावा.

तुम्ही म्हणालात की सगळं लिहून कळव, फोनवर तुझं निम्मं बोलणं माफी मागण्यात जातं. म्हणून लिहिते. (त्याबद्दल माफ करा.) आपली श्रेया जत्रेच्या फडात कुस्ती जिंकली, हे तुम्हाला कळलंच आहे. आता कशी ते वाचा.

साथीमुळे गेल्या वर्षी फड भरलाच नव्हता. यंदा परवानगी आली ती अशी, की प्रेक्षक नकोत आणि पत्र्याच्या कुंपणाआत सगळी मिळून पन्नासच माणसं. बाहेरगावचे मोठे पैलवान यायला धजेनात, जोड्या कमी पडल्या, तेव्हा कुठं जत्रा कमिटीच्या झुंबरतात्यांना आठवलं की गावातली एक पोरगी चार वर्षं अंगाला माती लावतेय. बावड्याच्या फडात आजवर मुलींची कुस्ती लागली नव्हती. म्हणजे श्रेया हरली असती तर पुढची पन्नास वर्षं "बघितलं न्हवं?" एवढंच ऐकायला मिळालं असतं. (रोगाचे उपकार मानू नयेत हे मला कळतं. मी मानलेले नाहीत.)

माणसं मोजायचं काम माझ्याकडे आलं आणि त्याला जबाबदार तुम्ही. शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला तालमीच्या मातीत बोटानं आकडे गिरवायला शिकवलंत, आणि चुकलं की पाच बैठका. अजूनही मोजणी चुकली की माझे गुडघे दुखतात. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर पन्नास बिल्ले तयार केले आणि नियमावली कमिटीपुढे मोठ्यानं वाचली. त्यात खेळाडूंनी एकमेकांपासून सहा फूट अंतर राखावं, असं कलम निघालं. झुंबरतात्या म्हणाले, "मग कुस्ती काय पोष्टानं लावायची व्हय गं?" मी तहसीलला लेखी विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. शेवटी सलामीपर्यंत सहा फूट आणि पुढचं देव बघेल, असं ठरलं. सलामीआधी हाताला सॅनिटायझर आणि त्यावर माती, त्यामुळे प्रत्येक पैलवानाच्या तळहातावर छान चिखल होत होता.

दारावर मात्र माझी परीक्षा झाली. आपण माणसांत का मोडत नाही, हे जो तो मला पटवू लागला. हलगीवाले भिमाकाका म्हणाले, "मला माणसांत धरू नगा, मी वाद्यात हाय." मी हलगी वाद्यात धरली आणि भिमाकाकांना चोविसावा बिल्ला दिला. तात्यांच्या जावयाला मी परत पाठवलं, ते अजून जेवलेले नाहीत म्हणतात. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावर कारखान्याला निघालेले उसाचे ट्रॅक्टर बंद पडले. (सात ट्रॅक्टर, एकाच जागी, एकाच वेळी.) बघता बघता ट्रॉल्यांवर निम्मं गाव चढलं. मी नियमावली पुन्हा वाचली. उसावर बसलेल्यांबद्दल तीत काही नाही.

आठ कुस्त्या झाल्या. नववी श्रेयाची, बारामतीच्या वृषालीशी. वृषालीचे वडील तिकडे एमआयडीसीत कामाला आहेत आणि पोरगी श्रेयाच्या दीडपट आहे. नेमके तेव्हाच फेटा बांधणारे आबाजी दाराशी येऊन उभे राहिले. मामा, मी पंच मोजले, डॉक्टर मोजले, माती भिजवणारा मोजला, आणि फेटा बांधणारा विसरले! आधीच्या आठ विजेत्यांच्या हातात नुसते नारळच गेले होते. आत पन्नास पुरे होते. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. पोरगी हरली तर फेटा कुनाला बांधायचा?" मी म्हटलं, फेटा परत जाणार नाही. आतल्या एका माणसाचा बिल्ला काढून मी आबाजींच्या गळ्यात घातला. ते माणूस निमूट बाहेर गेलं. (फार शिस्तीचं आहे.)

आणि कुस्ती लागली. हलगी अशी कडाडली की अंगावर काटा आला. कर्ण्यावरून निवेदकांनी "जळोचीच्या सर्जेराव पैलवानांची भाची!" म्हणून पुकारलं, ते घराघरांत ऐकू गेलं. मग निवेदक "अरे, अरे, अरे" एवढंच म्हणू लागले. हलगी एकदम थांबली. धप्प असा आवाज झाला. आणि सातही ट्रॉल्या ओरडल्या, "चितपट!" श्रेया बाहेर आली ती गुलाबी फेट्यात. जेवली फेट्यात. आई तिला तो सोडू देत नाही. मला तर वाटतं, तिच्यासारखी पैलवान तालुक्यात नाही. (तालुक्यातल्या सगळ्या पाहिलेल्या नाहीत, म्हणून "वाटतं" लिहिलं.)

माती न लावताच दमणारी तुमची भाची,
स्वरूपा

ता. क. बाहेर गेलेलं माणूस मी होते. माझी उंची पत्र्याला पुरली नाही आणि उसावर चढणं माझ्या मनाला पटेना, म्हणून मी कुस्ती पाहिलेलीच नाही. श्रेयानं आतापर्यंत चारदा विचारलं, "ताई, बघितलास न्हवं माझा डाव?" चारही वेळा मी मान हलवली. नुसती मान हलवणं हे खोटं बोलण्यात येतं का? तुम्ही जन्मभर फड ऐकलेत. हलगी जलद, मग बंद, मग धप्प, हा कोणता डाव असेल? कोणाचा पाय कुठं, ते चित्र काढून उलट टपाली कळवा. श्रेयाला सांगू नका.

ता. क. दुसरा. मामा, मी श्रेया. पत्र पोष्टात टाकायला ताईनं माझ्याकडंच दिलं, आन् पाकीट उघडंच हाय, कारन डिंकाला जीभ लावायची तिला भीती वाटती. सलामीच्या आधी मी तिलाच शोधत हुते. तिचा पन्नास नंबर आबाजींच्या गळ्यात दिसला तवाच कळलं. मग हरायला जागाच कुठं ऱ्हायली हुती? तुमी डाव कळवू नगा. उद्या सकाळी अंगणात गादी टाकून तिच्यावरच मारून दावते. आबाजींना बलावलंय. पयला तिला फेटा बांधायचा, मग डाव.