तीन महिन्यांची नळी

३ मार्च
लेकीच्या घरी मुक्काम हलवला. खिडकीपाशी खाट, उशाशी पाण्याचा तांब्या. जावयांनी माझी हत्यारांची पेटीही उचलून आणली. म्हणाले, पाना जवळ नसला तर बाबांना झोप यायची नाही. आल्या आल्या न्हाणीघरातला गळका नळ दुरुस्त केला, तेव्हा कुठे घर आपलं वाटलं. चाळीस वर्षं लोकांचे पाइप मोकळे केले, शिकलो ते हात काळे करून. आता माझ्याच पोटात पाइप! पित्ताची वाट खड्याने बुजली होती, कावीळ झाली होती. डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटे दुर्बीण घालून प्लास्टिकची बारीक नळी बसवली, तिला स्टेंट म्हणतात. आठवड्यात खाज गेली, भूक परतली. बजावलंय मात्र, की तीन महिन्यांत ती काढायचीच. गाळाने तुंबते, कधी जागेवरून सरकते, मग आत पू होतो आणि विष रक्तात जातं. थंडी वाजून ताप आला तर घड्याळ न बघता निघायचं. लेकीने तारीख फ्रिजवर चिकटवली. तिला आम्ही मुकादम म्हणतो ते उगीच नाही.

२० मे
काल तारीख होती. लेकीची नोकरी नवी, रजा मिळेना. धंद्यातल्या जुन्या जोडीदाराला घेऊन जातो म्हणालो, आणि गेलो एकटाच. दवाखान्याच्या बाकावर बसलो. समोर तोच वॉर्ड. मागच्या खेपेला भुलीतून जागा झालो तेव्हा पायजमा ओला होता, आणि तो जावयांनी बदलला. वर पांघरूणही सारखं केलं, तेच जास्त लागलं. बाकावर ते आठवलं आणि आत जावंसं वाटेना. मनाला समजावलं, आपल्या धंद्यात वाहती लाइन कोणी उघडत नाही; पाणी येतंय तोवर पाना लांब ठेवायचा. माघारी फिरलो. लेक कामावरून येऊन दारातच उभी. काढली का, म्हणाली.
"काढली."
तिने फ्रिजवरची चिठ्ठी फाडली आणि साऱ्या नातलगांना फोन लावले.

१८ जून
खाज परत सुटलीय. लघवी कोऱ्या चहासारखी. शौचाला खडूसारखं पांढरट होतं. कोणी बघू नये म्हणून बादलीभर पाणी ओततो. डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून घरातही काळा चष्मा. मुकादम म्हणाली, बाबांनी या वयात हिरोगिरी सुरू केली. सगळ्यांबरोबर मीही हसलो. पोरीच्या तोंडाकडे बघवलं नाही.

२१ जून
दुपारी थंडी भरली. दात वाजले, खाट हलली. तापाची गोळी घेतली, लेक यायच्या आत सदरा बदलला. आज सांगणारच होतो. ती दमून आली, तरी माझ्यासाठी फळं आणली होती. तोंड उघडलं, आणि फळांचा भाव विचारला.

२३ जून
ताप लपला नाही. लेकीने कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी नळीचं विचारलं असावं.
"नाही हो, ती कधीच काढली. तारीख मी स्वतः पाळलीय."
मग साथीचा ताप असेल, उद्या संध्याकाळपर्यंत बघू, असं ठरलं. मी खाटेवर होतो. सगळं ऐकत होतो. एक शब्द पुरला असता—

२४ जून, सकाळ
दोघं कामावर गेली. भिंतीतून पाणी वाहतंय. या भिंतीत पाइप नाही, मी ठोकून बघितलंय. उजव्या बरगडीखाली कोणी पान्याने आवळतंय. एक आटा— अजून एक—

दुपार
उठलो. पडलो. फोन ओट्यावर. हात पोचत नाही. वही खाटेखाली होती म्हणून—
सदरा ओला. खालीही. तरी मनात पहिलं हेच, कोणी यायच्या आत पुसावं. मेली ही लाज.
दवाखान्यात पुन्हा विचारतील. पोर छातीठोक तेच सांगेल. माझ्या शब्दावर—
पोरी, आधी हे वाच. डॉक्टरांना दाखव. मी बाकावरून परत आलो होतो. तुझी चूक नाही, माझी— त्यांना म्हणावं, नळी अजून