हंसाच्या दुखण्याचा तक्ता

२ नोव्हेंबर २००६, वणी
नागपूरच्या हॉस्पिटलातून हंसाला घरी आणलं. कॅन्सर हाडात पसरलाय. आता माझ्या बायकोला दुखू न देणं एवढंच हातात, असं डॉक्टर म्हणाले. मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी. सोबत तक्ता : किती दुखतं, शून्य ते दहा, रोज विचारून आकडा लिहायचा. शाळेत तीस वर्षं हेडक्लार्क होतो, तक्ते मला कोणी शिकवू नयेत. टार्गेट : दोन आठवड्यांत तीन.

३ नोव्हेंबर
हंसा म्हणाली, आठ. मी म्हटलं, नीट विचार कर. सहा लिहिलं.

५ नोव्हेंबर, सकाळी
मॉर्फिन म्हणजे शेवटी अफूच. सवय लागली तर? आजपासून सहा तासांनी. मन रमावं म्हणून तिला पेपर वाचून दाखवला. सगळा कापसाच्या भावाचा. रमलं नाही.

८ नोव्हेंबर
आज तिनं स्वतःहून तीन सांगितलं. माझी सिस्टिम बरोबर निघाली. आता आठ तासांनी.

११ नोव्हेंबर
जेवली नाही. चिडचिड. आपण एवढं करतो, त्याचं कोणाला काही नाही. आकडा : तीन.

१६ नोव्हेंबर
आज नागपूरची तारीख. गोळीविना किती छान राहते ते डॉक्टरांना दिसावं म्हणून सकाळची गोळी दिली नाही. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग, एसटी सव्वा तास जागीच. हंसानं समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला, तो नागपूरपर्यंत सोडला नाही. मी ड्रायव्हरशी भांडलो. चूक त्याचीच.

तोच दिवस, संध्याकाळी
हॉस्पिटलात उर्वशी सिस्टरनं समाधानाचा फॉर्म दिला. मी 'पूर्ण समाधानी'वर खूण करणार, तर तिनं माझ्या हातातला पेन काढून हंसाला दिला. म्हणाली, काका, तुमाले नाही, काकूले विचारून राह्यली मी. किती दुखते?
हंसा म्हणाली, नऊ.
मी तक्ता दाखवला. तीन आहे.
हंसा माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाली, "तीन म्हटलं का हे खुश होतात. नाही तं पुन्हा पुन्हा विचारत राह्यतात. मंग मी तीनच सांगो."
सिस्टरनं समजावलं, दुखण्यासाठी सांगितली तशी गोळी घेतली तर व्यसनाची भीती फार कमी. गोळ्यांची डबी तिनं हंसाच्या पिशवीत ठेवली. माझ्यासमोर.

१७ नोव्हेंबर, दुपारी
हंसा कुशीवर झोपली आहे. तीन तास झाले. ती कुशीवर झोपते हे मी विसरलोच होतो. उशाशी तक्ता. आजचा आकडा तिनं स्वतः लिहिलाय : पाच.
मी असतो तर दोन लिहिलं असतं.