निजून राहिलं

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार

धोंडबा! केसपेपरवर नाव वाचलं आणि मला हसूच फुटलं. आजकाल कोण ठेवतं असलं नाव? जिकडेतिकडे संजय नि राजेश, आणि हा अडीच महिन्यांचा धोंडबा! कुसुमताई, आमच्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर, माझ्याकडे अशा काही बघत राहिल्या की मी पदराने घाम पुसल्याचं सोंग केलं. मग त्या इंजेक्शनं द्यायला वरच्या मजल्यावर गेल्या.

भिवापूरच्या पुढचं खेडं. दुपारच्या एस.टी.ने आले. आई जयवंता, विशीचीही नसेल. सासू रंभाबाई. बाप रुपराव मिरचीच्या तोड्यात अडकलेला. सकाळी जयवंता चुलीपाशी होती, पोर पाळण्यात. "निजून राह्यलं होतं जी," ती म्हणाली. "लय वेळ झाला म्हणून पाहाले गेली, तं अंग ढिल्लं, ओठ काळे, सास नाही." उचललं, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मग रडलं.

किती वेळ सास नव्हता? रंभाबाई म्हणे, "चूल फुकून पेटे परयंत." आता याचं मिनिटांत काय करू? लाकूड ओलं का सुकं, ते विचारायचं का? मी अर्धं मिनिट लिहिलं.

आणि इथे आलं ते चक्क हसत! टाळू, कान, घसा, छाती, हृदय — दोनदा तपासलं. ताप नाही, खोकला नाही, दूध छान ओढतंय. डोळ्यांत काजळ, कमरेला काळा दोरा, नाकपुडीवर काळी तीट. नजर लागू नये म्हणून पुरता बंदोबस्त केलेला.

अशा लेकरांचं नक्की काय करायचं, ते पुस्तकात धड कुठेच नाही. क्षणभर थांबतं, पुन्हा सुरू होतं, कारण सापडत नाही. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी चार प्रश्न ठरवून दिलेत. महिने भरले होते का? हे पहिल्यांदाच झालं का? किती वेळ? घरात आधी एखादं मूल असं गेलंय का? चारही उत्तरं बरी आली तर घरी पाठवा. एकही वाईट आलं तर ठेवून घ्या.

चौथ्या प्रश्नाला रंभाबाई ताडकन म्हणाली, "हे पयलंच हाय जी." जयवंताने मान खाली घातली. लाजली, असं मला वाटलं.

"धोका कमी" असं लिहून घरी पाठवलं. परतीची एस.टी. चुकू नये म्हणून त्यांची घाई, आणि बाहेर बाकावर पंधरा पेशंट म्हणून माझी.

८ फेब्रुवारी

सासूबाईंशी वाजलं. वाजलंच शेवटी!

आमची बेबी तीन महिन्यांची व्हायची आहे. दुपारी जेवायला घरी आले, तर पोर गाढ झोपलेली आणि या तिचे तळवे चोळून तिला उठवतायत! हे रोजचं आहे. दुपारी दोनदा, रात्री दोनदा, पहाटे एकदा. पोर किरकिरते, मग तिला बाटली पाजायची, मग पुन्हा थोपटायचं. हा काय छळ लावलाय? मी म्हटलं, "आई, झोपलेल्या बाळाला कोणी उठवतं का? भूक लागली की रडेल ना ती!"

"नाही रडत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"काही लेकरं नाही रडत."

मी सरळ सांगितलं — मी लहान मुलांची डॉक्टर आहे, धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात लोक रांग लावून माझा सल्ला घेतात, आणि माझ्याच घरात माझं कोणी ऐकत नाही. उद्यापासून बेबीला झोपेतून उठवायचं नाही. बंद म्हणजे बंद! त्या "बरं" म्हणाल्या आणि ताट वाढायला गेल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गिरिधरला सांगितलं तर तो नेहमीसारखा दोन्ही डगरींवर हात ठेवून मोकळा. "आईले राग नको येऊ देऊ, अन् तूही नको रागावू." आणि मग बेबीचं नाक बघत बसला. म्हणे, "नाक माह्यंच आहे. माह्या नाकावर देवीचा वण आहे, तेवढा हिले नाही, हे बरं झालं." स्वारीला सगळ्याची मजा वाटते.

१० फेब्रुवारी

बेबीचं वजन पाच किलोच्या वर. गुणाची गं माझी! रात्री दहाला झोपते ती सहाला उठते म्हणे. सासूबाईंजवळच झोपते, त्यांनीच सांगितलं. बघा, उठवणं बंद केलं तर किती शांत झोपते ते!

१३ फेब्रुवारी, सोमवार

धोंडबा परत आला. आज लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी

जगला. आधी हे लिहिते. जगला.

काल सकाळी साडेदहाला रुपराव त्याला घेऊन पळत आत आला. धोतर गुडघ्यापर्यंत मातीने माखलेलं, कोणाच्या तरी ट्रकमधून आलेला. मागून दोघी बायका. पोर थंडगार, घामाने ओलं, डोळे वर. हात आखडत होते. रंभाबाईचं एकच चाललेलं, "रातभर निजून राह्यलं जी, काहीच तरास नाही देल्ला."

मी काय करत होते? उभी होते. सात वर्षं डॉक्टरकी केलेली बाई नुसती उभी! आठ दिवसांपूर्वी हेच पोर माझ्या टेबलावर हसत होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. कुसुमताईंनी त्याला माझ्या पुढ्यातून उचललं, ऑक्सिजन लावला, आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवून म्हणाल्या, "बाई, याचं नाक टोचलंय."

तीट नव्हती ती. काळ्या दोऱ्याची गाठ होती. नाकपुडीला भोक पाडून त्यात ओवलेली.

कुसुमताई जयवंताकडे वळल्या. आवाज अगदी हळू. "किती गेले वं याच्या आधी?"

जयवंताने दोन बोटं वर केली.

रंभाबाई तिच्या अंगावर धावली, "काहून सांगतं वं? गेलेल्याचं नाव घेतलं तं ते याले बलावते!" मग स्वतःच मटकन खाली बसली आणि डोक्याला हात लावला.

दोन. दोघंही मुलगे. एक सव्वादोन महिन्यांचा, एक तीन महिन्यांचा. दोघंही सकाळी. दोघांनाही आधी असंच एकदा झालं होतं आणि आपोआप बरं वाटलं होतं. म्हणून तर तिसऱ्याचं नाक टोचलं, धोंडबा नाव ठेवलं. हा काय, धोंडा आहे, याला नेऊन काय करशील, असं मरणाला फसवायला! हे मला माहीत नव्हतं म्हणावं, तर तेही खोटं. माझ्या माहेरच्या गल्लीतच एक नथू होता, नाक टोचलेला. आधीची जगत नसली की असं करतात, हे शाळेतल्या पोरीसुद्धा जाणतात. पूर्ण इतिहास पोराच्या नाकावर लिहून आणला होता त्यांनी. केसपेपरवर नावात लिहिला होता. मी वाचला, आणि हसले!

मोठे डॉक्टर खाली आले. त्यांनी एकच विचारलं, "रात्री दूध केव्हा घेतलं होतं?" संध्याकाळी. त्यानंतर नाही. पोर शांत झोपलंय, कशाला उठवायचं? "साखर बघा, आणि उत्तराची वाट न बघता ग्लुकोज द्या." हाताला शीर मिळेना, शेवटी डोक्याच्या शिरेत सुई घातली. माझ्याच हाताने घातली. सहा-सात मिनिटांत पोराने पाय झाडला. मग रडलं. केवढ्याने रडलं! रक्ताचा रिपोर्ट नंतर आला. साखर जवळजवळ नव्हतीच.

पोट रिकामं राहिलं की याच्या रक्तातली साखर उतरते. का, ते कोणालाच ठाऊक नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, "काही घराण्यांत असतं असं. आईबाप धडधाकट, पोरं निजेत जातात."

मग केसपेपर उघडून वाचला. "आधीची मुलं — नाही. धोका — कमी." माझं अक्षर. तिथे बोट ठेवलं आणि बाजूला ठेवून दिला.

नंतर कुसुमताईंना विचारलं, त्या दिवशी का नाही बोललात? त्या म्हणाल्या, "मले वाटलं, नाव वाचलं म्हणजे विचारलंच असन तुम्ही."

१६ फेब्रुवारी

धोंडबा छान आहे. दूध पितो, मुठी चोखतो, माझ्याकडे बघून बोळकं उघडतो. त्याने मला माफ केलंय असं समजायला मी काही वेडी नाही.

दुपारी रंभाबाईला आणि जयवंताला समोर बसवलं. दर तीन तासांनी दूध पाजायचं. झोपला असला तरी. दिवसा, रात्री, पहाटे. तळवे चोळा, कान ओढा, काय वाटेल ते करा, पण उठवा. रंभाबाई कुरकुरली, "निजल्या लेकराले उठवू नये म्हणतेत जी. भूक लागली तं रडनच ना!"

"नाही रडत," मी म्हटलं. "काही लेकरं नाही रडत."

हे वाक्य माझं नाही. आठवेना कोणाचं ते. मग आठवलं, सासूबाईंचं. असेल, म्हातारी माणसं काहीही बोलतात. त्यांच्या घरी घड्याळ नाही म्हणून रुपराव बाजारातून गजराचं घड्याळ आणायला गेला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

धोंडबाला घरी सोडलं. जयवंता पाया पडायला लागली. मी मागे सरले. कुठल्या तोंडाने पडू देऊ?

घरी आले तर गिरिधर अंगणात आरसा टांगून दाढी करत होता. उशिराने, शनिवारचा. ऊन बरोबर त्याच्या गालावर. मी चहा द्यायला गेले आणि कप हातातच राहिला.

देवीचा वण एकटा नसतो. देवी येतात तेव्हा अख्खं तोंड बुजबुजतं. चार वर्षं हा चेहरा बघतेय मी. दुसरा एकही वण नाही. एकच. डाव्या नाकपुडीवर, गोल, बुजलेला.

"हा कसला वण रे?"

"देवीचा. लहानपणचा."

"कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? आईनंच." त्याने फेस पुसला. "काहून? आज काय एकदम?"

काही नाही म्हटलं. चहा निवून गेला.

१९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना विचारलं, किती गेले. मेथी निवडत होत्या, मान वर केली नाही. "तीन. गिरिधरच्या आधी. आजारी नोते वं, कोनीच नाही. निजून राह्यले होते, अन् निजूनच राह्यले."

मी बेबीला उठवायला आत धावले. बेबी जागीच होती. ओठांवर दूध. बाजूला बाटली, अजून कोमट. मी बंद म्हटलं होतं, त्या दिवसानंतरही उठवून पाजणं एकदाही चुकवलं नव्हतं त्यांनी.