गांधीलमाश्या आईला ओळखतात

१४ एप्रिल

कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात गेले, दोरीवरचा चिमटा काढायला हात वर केला, तर डोक्यापासून वीतभर अंतरावर पोळं. गांधीलमाश्यांचं. पत्र्याखालच्या लोखंडी नळीला लटकलेलं, राखी रंगाचं, रद्दी भिजवून केल्यासारखं. त्यावर माश्या दाटीवाटीने बसलेल्या, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. ओला टॉवेल तिथेच टाकून पळाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसत होती. "महिना झाला त्यांना येऊन. तुला आज दिसल्या? आणि म्हणे लोकांचे डोळे तपासते!"

बोलणं लागलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावायची, आणि घरी ही तऱ्हा.

१६ एप्रिल

धाकट्या भावाचा फोन. फवारणीवाल्याला तिकडूनच सांगतो म्हणाला. आईने माझ्या हातून फोन ओढून घेतला. "तुझ्या घरात फवार काय फवारायचं ते. इथे त्या माझ्या भाडेकरू आहेत. भाडं देत नाहीत, पण दर आठवड्याला फोन करून अक्कलही शिकवत नाहीत."

मी आईची बाजू घेतली. छेडलं नाही तर त्या डसत नाहीत, झाडांवरच्या अळ्या खातात, वगैरे वगैरे — सगळं वाचलेलं. तो म्हणाला, "ताई, तू शिकलेली आहेस ना गं?"

शिकलेली आहे म्हणूनच सांगतेय, असं म्हणाले. जरा शेखीच मिरवली. नको होती.

२१ एप्रिल

बेचाळीस. वारा पडलाय. पडदे ओढून बसलं तरी भिंती आतून तापतात. दुकानात वातानुकूलन आहे म्हणून माणसं विनाकारण नंबर तपासायला येतात. एक आजोबा तर या आठवड्यात दुसऱ्यांदा!

आईने नळाखाली एक पसरट ताटली मांडलीय, माश्यांना प्यायला पाणी. "आपल्याला तहान लागते, त्यांना नाही का?" ताटलीतलं पाणी सांडून भोवतालची फरशी ओली होते, तिथे माश्यांची गर्दी. आणि त्याच ओल्या फरशीवर पाय टेकवून आई स्टुलावर बसलेली. अनवाणी. एक माशी तिच्या अंगठ्यावर चढली, बोटांवरून फिरून आली, उतरली. आई ढिम्म!

"ओळखतात मला," म्हणाली.

२२ एप्रिल

मी ते खरं मानलं. हे लिहून ठेवते, कारण उद्या मीच नाकबूल करेन.

२७ एप्रिल

शेजारच्या काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. "तुमच्या आईकडे काहीतरी आहे हो. आमच्याकडे एक माशी आली तरी आम्ही घर डोक्यावर घेतो." आई संकोचल्यासारखी हसली, पण नंतर दिवसभर खुशीत. बाबा गेल्यापासून तिचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. दुकानात मीही सगळ्यांना रंगवून सांगितलं.

संध्याकाळी तिच्यासाठी चप्पल आणली. जुनी पायातून निसटते म्हणते. नवीही निसटली. चालता चालता मागे राहते, आणि ही पुढे! नंबर बदलून आणायला हवा. तोवर ती अनवाणीच फिरणार.

३ मे

चव्वेचाळीस. दुपारी पाहते तर आई भर उन्हात फाटकाशी, पेपरवाल्याशी गप्पा मारत उभी. पायात काही नाही! मी माझ्या जाड तळव्याच्या चपला घालून धावले, तरी धग पोटऱ्यांपर्यंत येत होती. तिला ओढत आत आणलं.

"अगं भाजत नाही का?"

"आमचे पाय मातीत वाढलेत. तुमचे लोण्यात."

ओशाळले. खरंच आपण नाजूक झालोय, असंही मनात आलं. आपण नाजूक आणि ती भक्कम, असं काहीतरी सुखद वाटलं.

७ मे

दुपारभर ढग, मग वावटळ. सगळी धूळ घरात, पाऊस शेजाऱ्यांकडेही नाही. पोळं तळहाताएवढं झालंय.

१२ मे

जसं घडलं तसं लिहिते.

रविवार. सकाळी मागच्या अंगणात चहा घेत बसलो होतो. आई नळाशी, मी दारात. ती काकूंच्या जावयाची गोष्ट सांगत होती — लग्नात रुसून बसला आणि त्याची समजूत काढायला कुणी गेलंच नाही, म्हणून आपला आपणच उठून जेवायला आला. मी हसत होते. हसताना माझी नजर तिच्या पायाकडे गेली.

करंगळी आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात एक माशी अडकली होती. धडपडत होती. मग तिने पोट वाकवलं आणि नांगी मारली. पुन्हा मारली. पुन्हा! मला स्वच्छ दिसलं. आणि आई बोलतच होती. "…आणि पान वाढलेलं नाही म्हणून दुसऱ्यांदा रुसला!" स्वतःच्याच विनोदावर हसली.

मी किंचाळले.

"काय झालं गं?"

"आई, डसली!"

"कुणाला?"

हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. खरंच विचारत होती. घाबरून माझेच हातपाय बघायला लागली.

खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला. पाऊल टम्म. घोट्यापर्यंत लाल गांध्या — आजच्या नव्हेत, कितीतरी जुन्या. तळव्याला भाजल्याचा मोठा फोड, फुटून चिघळलेला. करंगळी काळसर. आणि वास. तो वास मला घरात येत होता! मोरी तुंबली असेल म्हणून मी दोनदा औषध ओतलं होतं.

"दुखत नाही गं काही," आई म्हणत राहिली. "काही नाही झालेलं. उगाच रविवार खराब करू नकोस."

१३ मे

डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "साखर किती वर्षांपासून?" मी म्हटलं, नाही तिला. त्यांनी बोटातून थेंब काढला, आकडा बघितला आणि यंत्र माझ्यासमोर धरलं. मी पुन्हा बघितलं.

पायाच्या नसा गेल्यात. डसणं कळत नाही, भाजणं कळत नाही. चप्पल निसटते तेही कळत नाही. "बोट जाईल असं दिसतंय. जखम वर चढली तर पाऊलही. आठवडाभर औषधं देऊन बघू." दर वर्षी तपासणीचं काढलं की आई म्हणायची, मला काय धाड भरलीय! आणि मी सोडून द्यायचे. उगाच कोण घालवणार तिचा मूड.

आई खाटेवर बसून होती. "पाऊल म्हणजे कुठून?" एवढंच विचारलं. डॉक्टरबाईंनी बोटाने रेघ ओढून दाखवली. तिने मान हलवली, जशी शिंप्याने माप दाखवल्यावर हलवते.

१४ मे

दुकानात गेलेच नाही.

काही माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. दिसत नसलं तरी धडाधड म्हणून दाखवतात. लबाडीने नव्हे — नंबर वाढला हे त्यांना नको असतं. आम्ही काय करतो? तक्ता बदलतो. साधी गोष्ट. आई तीन आठवडे माझ्यासमोर 'ओळखतात मला' म्हणत होती, आणि मी एकदाही तक्ता बदलला नाही. कारण तिचं ते उत्तर मला आवडलं होतं.

१६ मे

धाकटा आला. पाय बघून बाहेर गेला, तोंड धुऊन आत आला. मग माझ्यावर. "तू म्हणालीस डसत नाहीत! तू म्हणालीस वाचलंय!" तो काठीला चिंध्या गुंडाळायला लागला, पोळं जाळायला.

आतून आई ओरडली, "खबरदार! त्या नसत्या तर तुम्हा दोघांना पत्ता तरी लागला असता का?"

काठी कोपऱ्यात उभी आहे. पोळं जागच्या जागी. मी आता तिथे कपडे वाळत घालत नाही.

१९ मे

ताप उतरलाय. काळेपणा अजून घोट्याखालीच आहे, डॉक्टरबाईंचा चेहरा जरा बरा.

संध्याकाळी पट्टी बदलत होते. आई खिडकीतून अंगणाकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे त्या मला ओळखत नव्हत्या?"

पट्टीचं टोक सापडत नाही असं केलं. नाहीतर रडले असते.

"काकूंना सांगू नकोस हं," म्हणाली.

२३ मे

करंगळी काढली. पाऊल वाचलं! वाचलं!

शुद्धीवर आल्यावर आई म्हणाली, "जाऊ दे. तसंही तिला काही काम नव्हतं." धाकटा हसता हसता रडला.

आकाश भरून आलंय. नुसतंच.

२६ मे

आईची जखम दाखवायला गेलो. छान भरतेय, डॉक्टरबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आईला आहे म्हणजे तुम्हीही तपासून घ्या. बसा, चप्पल काढा, डोळे मिटा. टाचणी टोचली की 'हो' म्हणा."

डोळे मिटून बसले. पंख्याची घरघर ऐकत होते. बाहेर कुणीतरी फाटक लावलं. बराच वेळ झाला. त्यांना दुसरं काही काम निघालं असेल, असं वाटलं.

म्हटलं, "करा ना सुरुवात."

मग आईचा आवाज आला, अगदी हळू. "बये, त्या टोचताहेत."